मदत हवी आहे: आईला स्क्लेरोडर्मा, तोंड दोनच बोटं उघडतं

नमस्कार मंडळी,

आई ५८ वर्षांची, आम्ही नागपूरचे. सहा वर्षांपासून तिला स्क्लेरोडर्मा आहे. बोटांची, चेहऱ्याची कातडी आवळत गेली. संधिवाततज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, पण तोंडाकडे आम्हा सगळ्यांचंच दुर्लक्ष झालं, याचं फार वाईट वाटतं.

आधी दातांमध्ये तीन बोटं उभी मावायची, आता जेमतेम दोन. आपल्याकडे तोंड उघडत नाही म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाता का?" एका दवाखान्यात तर तीनदा विचारलं. आईने आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. तिला ते फार लागलं, घरी येईपर्यंत बोलली नाही. खर्ऱ्याने गालाच्या आत कडक पट्टे येतात, हिची मुख्यतः ओठांभोवतीची कातडीच आखडली आहे, हा फरक मला नंतर कळला.

लाळही आटली आहे. संत्र्याची फोड झोंबते, पोह्यावरची तर्री कधीच सुटली. रात्री आंबट पाणी वर येतं, त्याने दात झिजलेत. थंडीत बोटं पांढरी पडतात, ब्रश धरवत नाही. म्हणून लहान मुलांचा ब्रश घेतला आणि त्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केला. बोटांसाठी निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध आहे, तर त्यानेही हिरड्या सुजू शकतात म्हणे. एक्स-रेत दातांच्या मुळांभोवतीची फट रुंद दिसली. दात हलत नाहीत, या आजारात अशी फट दिसते, असं डेंटिस्टनी समजावलं. जबड्याच्या कोपऱ्याचं हाडही थोडं विरघळलंय, त्यावर लक्ष ठेवायचं आहे.

आता खालची एक दाढ काढायची आहे, पुढे कवळीही लागेल. पण कवळीचं माप घ्यायचा ट्रेच तोंडात जात नाही. दोन तुकड्यांत तोंडात घालून आत जोडायची कवळी असते असं ऐकलं. कुणाच्या घरी वापरात आहे का? विदर्भात कोण बनवतं? आखडलेल्या बोटांनी ती रोज काढता-घालता येते का, मला खरी काळजी त्याचीच आहे.

दाढेआधी तोंड थोडं सैल व्हावं म्हणून आईस्क्रीमच्या काड्या एकेक वाढवत दातांमध्ये धरायचा व्यायाम सांगितलाय. पंधरा दिवसांत एकच काडी वाढली. ज्यांनी केलाय त्यांना किती महिने लागले? ओठांचे कोपरे चिरले तर थांबायचं की तेल लावून चालू ठेवायचं?