वर्ष सरताना कशाच्या आधारावर आशा धरलीत? अनुभव सांगा

ख्रिस्ती घरांत ३१ डिसेंबरची रात्र आधी प्रार्थनेची असते, फटाके नंतर. कुणी वॉचनाईटला, म्हणजे नवं वर्ष लागेपर्यंत जागून केलेल्या प्रार्थनेला बसतं, कुणी कृतज्ञतेच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला जातं, कुणी ड्युटीवर असतं. 'नवीन वर्ष सुखाचं जावो' असं आपण सगळेच म्हणतो. पण ज्या वर्षी तसं म्हणायला काही कारणच दिसत नव्हतं, त्या वर्षी तुम्ही काय धरून उभे राहिलात? संकल्पांच्या याद्या नकोत, घडलेलं लिहा. नाव द्यायची गरज नाही. गाव आणि थोडी ओळख पुरे.

नगर, निवृत्त शिक्षिका

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, त्यामुळे आमच्याकडच्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, जुन्या आणि त्यांच्या सवयीही जुन्या. वॉचनाईट रात्री दहाच्या सुमारास सुरू होते. पेटी, तबला, टाळ, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं. मग पाळकसाहेब बाजूला होतात आणि साक्षी सुरू होतात. ज्याला वाटेल त्याने उठावं आणि सरत्या वर्षात देवाने काय केलं ते सांगावं. मागणं नंतर, आधी हिशेब उपकारांचा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

एका वर्षी पाऊस अजिबात झाला नव्हता. श्रीगोंद्याकडची एक बाई लेकीकडे आली होती, ती उठली. पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी पुढचा बाक घट्ट धरला आणि म्हणाली, "प्रभूची स्तुती असो. विहीर आटली. दोन्ही बैल इकले. लेकराची फी भरली. कुणाच्या दारात हात पसरावा लागला न्हाई." एवढं बोलून बसली. कोणाच्या तोंडून आमेनसुद्धा लवकर निघेना. बैल विकले हे तिने उपकारांत धरलं होतं! मी शाळेत अनेक वर्षं बायबलचे धडे शिकवले, पण विश्वास म्हणजे काय हे मला त्या चार वाक्यांत जेवढं कळलं तेवढं पुस्तकातून कळलं नव्हतं.

बाराला पाच कमी असताना सगळे गुडघे टेकतात. नवं वर्ष लागतं तेव्हा कोणी उभं नसतं. मग प्रभुभोजन, गळाभेटी आणि चहा.

वसई, बँकेत नोकरी

आम्ही कॅथलिक. ३१ तारखेच्या संध्याकाळी 'ते देऊम', म्हणजे आभाराचं प्राचीन स्तोत्र, आणि मिस्सा. १ जानेवारीला देवमाता मरियेचा सण. १९६८ पासून हाच दिवस जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळला जातो. पोप सहावे पॉल यांनी ती प्रथा सुरू केली.

आमच्या धर्मग्रामात त्या संध्याकाळी फादर वर्षाचा अहवाल वाचतात: बाप्तिस्मे किती, लग्नं किती, आणि मग निधन पावलेल्यांची नावं. २०२५ च्या यादीत माझ्या बाबांचं नाव होतं. ते वर्ष कॅथलिकांसाठी ज्युबिली, म्हणजे खास पवित्र वर्ष होतं, 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचं ब्रीद. २०२४ च्या नाताळच्या आदल्या रात्री रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी पवित्र दार उघडलं, ते आम्ही घरी टीव्हीवर पाहिलं. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप गेले. त्यानंतर पावसाळ्यात बाबा.

ब्रीदामागचा आधार बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला आहे: आशा लाजवीत नाही. बाबांना ते वाक्य आवडायचं. केमोच्या काळात मला ते ऐकवत नसे, कारण रिपोर्ट दर वेळी आमची आशा खोटी ठरवत होता. बाबा मात्र शांत असायचे. एकदा म्हणाले, "मी बरा होईन अशी आशा मी धरलेलीच नाही. मी कोणाकडे चाललोय ते मला माहीत आहे." यादीत त्यांचं नाव आलं तेव्हा आई माझ्या शेजारी होती. तिने माझा हात दाबला आणि पुढच्या क्षणी 'ते देऊम' सुरू झालं. ती गायली. मला जमलं नाही, पण ती माझ्या वाट्याचंही गायली असं मी धरून चालतो.

अटलांटा, मूळ गाव जालना

आमच्या घराण्यात १ जानेवारीला दोन वाटा असतात. पणजोबा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. त्यांच्या भावाची मुलं १९५६ नंतर बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाली. चुलत घरचे त्या दिवशी भीमा कोरेगावला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात, आम्ही चर्चमध्ये. संध्याकाळी दोन्हीकडचे एकत्र जेवतात. लहानपणी मला हे वेगळे सण वाटायचे.

इथे आल्यावर ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला त्याच्या चर्चच्या वॉचनाईटला नेलं. ते कृष्णवर्णीयांचं चर्च. वॉचनाईटची चाल तशी जुनी, अठराव्या शतकातल्या मोरावियन आणि मेथडिस्ट लोकांची. पण या लोकांसाठी तिला वेगळा अर्थ आला ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री. दुसऱ्या दिवसापासून, १ जानेवारी १८६३ पासून, लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. गुलामीतले आणि मुक्त झालेले लोक चर्चमध्ये, झोपड्यांत, जिथे जमेल तिथे जमून त्या पहाटेची वाट पाहत बसले. जाहीरनाम्याने सगळे एका दिवसात सुटले नाहीत. यादवी युद्धातल्या बंडखोर राज्यांत सैन्य पोचेल तसतसं स्वातंत्र्य पोचलं, आणि संपूर्ण देशातली गुलामी कायद्याने संपायला १८६५ चा डिसेंबर उजाडला. तरी त्या रात्री त्यांनी गाणी म्हटली.

मध्यरात्र जवळ आली तेव्हा दिवे मंद झाले. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातला प्रश्न मोठ्याने विचारला: पहारेकऱ्या, रात्र किती उरली? दाराजवळून उत्तर आलं, तीन मिनिटं. परत तोच प्रश्न, दोन मिनिटं. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. मिशनच्या आवारातल्या विहिरीवर ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पाणी शेंदून प्यायले, ही आमच्या घरातली सर्वांत जुनी साक्ष. त्या रात्री मला कळलं की विजयस्तंभाकडे जाणारे माझे चुलते आणि गुडघ्यावर बसणारे माझे वडील एकाच रात्रीचा पहारा करत होते. मी तिथूनच धाकट्या काकांना फोन लावला. त्यांच्याकडे सकाळ होती, ते बसमध्ये होते. "जय भीम, हॅपी न्यू इयर," म्हणाले, "तुमच्याकडं अजून रात्रच का?"

मिरज, नर्स

वॉर्डमध्ये जास्त लिहिण्यासारखं काही नसतं. बाराला बाहेर फटाके वाजतात, आत सलाईन बदलायची असते. एका वर्षी एका आजींनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या देवाचं काय म्हणायचं असेल ते माझ्यासाठी म्हणा." मी बायबलमधलं स्तोत्र १२१ म्हटलं, डोंगरांकडे डोळे लावण्याचं. तुझा रक्षक झोपत नाही, असं त्यात आहे. नाईट ड्युटीवाल्यांना ते लगेच पटतं. आजी पंधरवड्याने घरी गेल्या.

कोल्हापूर, एक आई

लेक गेली त्या वर्षी मी वॉचनाईटला जाणार नव्हते. साक्ष काय देणार होते? नवऱ्याने आग्रह केला नाही, तो एकटा निघाला. तो दारापर्यंत गेल्यावर मीही चप्पल घातली.

त्या रात्री स्तोत्र ९० वाचलं गेलं. वर्षाअखेरीला बहुतेक ठिकाणी तेच वाचतात, मोशेची प्रार्थना. लोकांना त्यातलं 'आमचे दिवस गणायला शिकव' एवढंच आठवतं. मी पुढचं ऐकलं. मोशे देवाला विचारतो, किती वेळ? आणि थेट मागतो: जितके दिवस तू आम्हांला पीडा दिलीस तितके दिवस आम्हांला आनंद दे. मला कोणी सांगितलंच नव्हतं की देवाकडे असा हिशेब मागता येतो. तोवर भेटायला येणारे सगळे 'देवाची इच्छा' म्हणून जात होते. कृपा करून शोकाच्या घरी जाऊन असं म्हणू नका. शेजारी बसा, स्वयंपाकाचं बघा.

मी साक्ष दिली नाही. पण 'किती वेळ' हे दोन शब्द मी रोज प्रार्थनेत म्हणू लागले, आणि ते म्हणायला समोर कोणीतरी ऐकणारा आहे हे मी मानते म्हणूनच म्हणते. माझी आशा सध्या एवढीच आहे. पुरते.

सोलापूर, पाळकबाई

आमच्याकडे १ तारखेला 'वर्षाचं वचन' काढतात. ताटात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्या, एकेकाने एक उचलायची. लेकरं तर आदल्या दिवसापासून मागे लागतात. मला ही प्रथा आवडते, फक्त तिचं भविष्य होता कामा नये. चिठ्ठी चांगली निघाली म्हणून वर्ष चांगलं, असं देवाचं वचन नसतं.

सगळ्यांना हवं असतं यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. फ्रिजवर, मोबाईलच्या कव्हरवर, सगळीकडे तेच. पण त्याच्या आधीची ओळ वाचा. हे पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलंय, आणि देव त्यांना सांगतो की सत्तर वर्षांनी मी तुमच्याकडे लक्ष देईन! म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य तिथेच संपणार होतं. तोवर करायचं काय? तेही पाचव्या-सहाव्या वचनात आहे: घरं बांधा, बागा लावा, फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. आणि सातव्यात, ज्या नगरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

म्हणून आता मी चिठ्ठीच्या मागे पूर्ण अध्यायाचा आकडा लिहून देते आणि आठवडाभरात तो वाचून यायला सांगते. गेल्या वर्षी यंत्रमागावर काम करणाऱ्या एका मुलाला हेच वचन निघालं. त्याचा कारखाना महिनाभरापूर्वी बंद पडला होता. रविवारी तो अध्याय वाचून आला आणि विचारलं, "बाई, बाग लावा म्हटलंय, मग चर्चच्या मागच्या पडीक जागेत भाजी लावू का?" कमिटीने परवानगी दिली. मेथी, पालक आणि थोडी वांगी लावली त्याने. काम त्याला ऑगस्टमध्ये मिळालं, तोवर दर शनिवारी तो मंडळीतल्या विधवांच्या घरी जुड्या पोचवत होता. जागा अजून त्याच्याकडेच आहे, यंदा कांदा लावलाय.