समूहगीतासाठी पट्टी कोणती धरावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं तालुक्याचं छोटं कॉलेज. संगीत विभाग नाही, सांस्कृतिक मंडळाकडे एक पेटी आणि तबल्याची एक जोडी. यंदा युवा महोत्सवात भारतीय समूहगीताला उतरतोय: जास्तीत जास्त सहा गायक, तीन वादक, दहा मिनिटं, सिनेगीत चालत नाही. जात्यावरच्या ओव्या बांधल्यात, पोरं जीव ओतून गातात.

अडलंय पट्टीवर, म्हणजे गाण्याचा 'सा' पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर धरायचा यावर. चार मुली काळी चारमध्ये मोकळ्या गातात, दोघे मुलगे काळी एकमध्ये. मधली म्हणून पांढरी चार धरली, तर मुलांचा तार गंधार (वरच्या सप्तकातला ग) चिरकतो आणि मुलींचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ऐकूच येत नाही. तबलाही काळी एकचाच आहे, पट्टी वर नेली तर लहान तोंडाचा उसना आणावा लागेल.

पंडित जसराजांच्या जसरंगी या जुगलबंदीच्या प्रकारात गायक-गायिका आपापल्या पट्टीत गातात, पण ते तयारीच्या गळ्यांचं काम. आमच्या पोरांना झेपेल असं काय करावं? मुखडा सगळ्यांनी आणि अंतरे वाटून, की मुलांनी खालच्या सप्तकात? ज्यांनी संघ बसवलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. आणि काळी चारचा तबला सातारा-कराडकडे कुणी महिनाभर देईल का?