सगळ्या कुकीज उडवून काय होणार?
"रोज रात्री सगळ्या कुकीज (साइट्स तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) उडवा" असा सल्ला काहीजण देतात, तो चूक नाही, पण अर्धाच आहे. साफसफाई केली की सकाळी सगळीकडे परत लॉगिन, आणि ते 'स्वीकारा-नाकारा'वालं डबडं पण परत हजर, कारण तुम्ही नकार दिलात हेसुद्धा बहुतेक साइट्स कुकीतच लिहून ठेवतात! खरी डोकेदुखी थर्ड पार्टी कुकीजची, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटच्या नाही तर भलत्याच कंपनीच्या. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ१२ दाबून ॲप्लिकेशन टॅबमध्ये कुकीज बघा, डोमेनच्या (साइटच्या पत्त्याच्या) रकान्यात doubleclick.net हे गूगलच्या जाहिरातसेवेचं नाव दिसलं की समजा जाहिरातवाले आलेत. सफारीने २०२० मध्येच त्या सरसकट बंद केल्या, क्रोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन आपणच बंद करायच्या.

बाकी स्क्रीनची साइज, फॉन्ट, टाइमझोन असलं सगळं जुळवून ज्या साइट्स तुम्हाला ओळखतात त्यांना कुकी लागतच नाही, तिथे डिलीट करून शष्प फरक पडत नाही.