तमिळांनी नावापुढच्या पदव्या टाकून दिल्या, हे शहाणपण की इतिहास पुसणं?

कोथरूडचा_पाहुणा:
२०२५ च्या ऑक्टोबरात तमिळनाडू सरकारने रस्ते, वस्त्या, तळी यांच्या नावातल्या जाती काढा असा आदेश काढला आणि त्याच सुमारास, ९ तारखेला, मुख्यमंत्री स्टॅलिननी कोइमतूरला दहा किलोमीटर लांबीच्या उड्डाणपुलाचं उद्घाटन केलं. पुलाचं नाव काय, तर जी. डी. नायडू. झालं, सगळे तुटून पडले की हे 'नायडू' बरं चालतं तुम्हाला. आता जी. डी. नायडू म्हणजे आयुष्यभर मोटारी आणि यंत्रांत डोकं घातलेला माणूस, नुसतं जी. डी. लिहिलं तर कळणार कुणाला?

पण माझा मुद्दा पुलापुरता नाहीये. मी चेन्नईत नोकरीला आहे, इकडे मुदलियार, पिळ्ळै, चेट्टियार, तेवर, नाडार, गौंडर, मूप्पनार, वांडैयार सगळं सरसकट जात म्हणून खोडतात. यातल्या बऱ्याच मुळात पदव्या आहेत, इकडे पट्टम म्हणतात, वंशपरंपरेने चालत आलेल्या. तंजावरच्या चोळ राजा राजराजाच्या देवळात, जे १०१० च्या आसपास पुरं झालं, कोरून ठेवलंय की भोवतालची ओवरी सेनापती कृष्णन रामनने बांधली, त्याची पदवी मुम्मुडिचोळ ब्रह्ममारायन. देवळाचा कारभारी आदित्तन सूर्यन, पदवी तेन्नवन मूवेंदवेळान. हजार वर्षांची ही रीत एका सरकारी आदेशात गुंडाळायची? आपल्याकडे देशमुख, पाटील, कुलकर्णी टिकले म्हणून निदान कुठल्या घराकडे काय काम होतं ते तरी कळतं. इकडे ऑफिसातल्या पोरांना पणजोबांचं पूर्ण नाव विचारा, एकमेकांकडे बघतात.

लेबरकॅम्प_९०फुटी:
दादा, ज्यांच्या पणजोबांना पट्टम होतं त्यांचं हे दुखणं आहे. आम्ही मूळचे तिरुनेलवेलीकडचे, आजोबा धारावीत कातडी कमावायच्या कामाला आले. नाव कुप्पन. पुढे काही नाही, मागे काही नाही. गावातल्या वरच्या घरातलं शेंबडं पोरगंसुद्धा मानाने हाकारायचं आणि आमचा सत्तर वर्षांचा म्हातारा कुप्पनच. कुठल्या चोळ राजाने त्यांना ब्रह्मरायन करायचं राहून गेलं बहुतेक.

मुंबईत आल्यावर शाळेच्या फॉर्मवर आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही म्हणून मास्तरांनी वडिलांचं नाव तिथे घुसवलं, तेच आमचं आडनाव झालं. आजूबाजूच्यांनी नाडार लावलं, मुदलियार लावलं. माटुंग्यात जे अय्यर दिसतात ना, ते गावीच राहिले असते तर आज साधे एस. रामन असते, महाराष्ट्राच्या फॉर्मने त्यांना परत अय्यर केलं. म्हणजे तिकडे लोकांनी कष्टाने जे टाकलं ते आपण इथे उचलून हातात दिलं. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ मध्ये चेंगलपट्टूच्या परिषदेत जातीच्या पदव्या टाकायचा ठराव केला, त्यांनी स्वतः नायकर टाकलं. आपल्याकडे असा ठराव करून बघा आणि किती पाटील तयार होतात ते मोजा.

कोथरूडचा_पाहुणा:
@लेबरकॅम्प तुमच्या आजोबांचं म्हणणं मान्य, त्यावर वाद नाही. पण मग पट्टम सगळ्यांना खुलं करा की, काढून कशाला टाकता. मूवेंदवेळान हे काम करणाऱ्याला मिळायचं, जात बघून नाही.

जुनी_वही:
नाही हो पाहुणे, नेमकं इथेच घसरताय. नोबोरु कराशिमा आणि सुब्बरायलु या दोन इतिहासकारांनी चोळांच्या शिलालेखांतली हजारो नावं चाळली आहेत, त्यात चित्र बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. ब्रह्मरायन मिळायचं ब्राह्मण अधिकाऱ्याला, मूवेंदवेळान मुख्यतः जमीनदार वेळ्ळाळांना. म्हणजे राजा काम बघत होता हे खरं पण कुणाला कुठली पाटी लावायची हे जन्मावरच ठरत होतं. आणि पदवीत बऱ्याचदा राजाचंच नाव असायचं, राजा बदलला की पाटी बदलली. म्हणजे ती त्या माणसाची असायची, घराण्याची नंतर झाली.

आता याची दुसरी बाजू, जी लेबरकॅम्पना कदाचित आवडणार नाही. पदवी हे वरच्यांचंच हत्यार होतं असंही नाही, खालून चढायची शिडीही तीच होती. नाडारांचं उदाहरण घ्या. ताडीचं झाड चढणारा समाज, सरकारदप्तरी 'शाणार', त्रावणकोरात त्यांच्या बायकांना अंगावर वरचं वस्त्र घेण्यासाठी झगडावं लागलं, १८५९ ला राजाने परवानगीचा जाहीरनामा काढला तोही अटी घालून. त्या काळात 'नाडार' ही फक्त त्यांच्यातल्या मोजक्या श्रीमंत जमीनदार घराण्यांची पदवी होती. मग शिवकाशी, विरुदुनगरकडचे व्यापारी वर आले, १८९९ ला शिवकाशीत मोठी दंगल झाली, १९१० ला नाडार महाजन संगम निघाला आणि १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास मद्रास सरकारने शाणार खोडून नाडार लिहायचं कबूल केलं. मूठभर घराण्यांची पदवी पुऱ्या जातीने ओढून घेतली! आणि आठ वर्षांनी त्या चेंगलपट्टू परिषदेचे अध्यक्ष कोण, तर डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन, नाडारच. चेन्नईतला पाँडी बाजार म्हणतात तो यांच्याच नावाचा. आत्ता कुठे मिळालेलं नाव टाकायच्या ठरावाला अध्यक्ष म्हणून बसायचं, याला छाती लागते, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे त्याने टाकणं त्यामानाने सोपं.

तमिळमध्ये जुनी म्हणच आहे, कळ्ळर, मरवर, अहमुडैयार (या तिन्ही जाती) हळूहळू वेळ्ळाळर म्हणजे वेळ्ळाळ झाले. पिळ्ळै ही पदवी मुळात वेळ्ळाळांची समजायचे, ती नागस्वरम वाजवणाऱ्यांनी आणि नाच शिकवणाऱ्या नट्टुवनारांनीही लावली, टी. एन. राजरत्नम पिळ्ळै घ्या. तेव्हा 'हजार वर्षांची परंपरा' म्हणताना जरा दमानं, निम्मी परंपरा जनगणनेच्या अर्जांवर तयार झालीये.

तंजावरी_राव:
आम्ही तंजावर मराठी, व्यंकोजीराजांच्या मागोमाग आलेल्यांपैकी. घरी आडनाव आहे, कागदावर नाही, सगळे नुसते राव. सर टी. माधवराव ऐकले असतील, त्रावणकोर, इंदूर, बडोदा तिन्हीकडे दिवाण, त्यातला टी म्हणजे तंजावर. आडनावाच्या जागी गाव आणि बापाचं नाव, ही पद्धत काही वाईट नाही हो, माणूस कुठला आणि कुणाचा एवढं कळतं, बाकी चौकशा करायला जागाच राहात नाही.

आणि एक गंमत. नट शिवाजी गणेशन यांच्या वडिलांचं नाव चिन्नय्या मन्रायर. मन्रायर हे कळ्ळरांचं पट्टम, ते गणेशननी लावलं नाही. पण अण्णादुरैंच्या नाटकात त्यांनी शिवछत्रपतींचं काम केलं ते बघून पेरियारांनी त्यांना 'शिवाजी' म्हटलं आणि ते जन्मभर चिकटलं. पदव्या टाका सांगणारा माणूस स्वतः पदवी वाटतोय! पेरियार हीसुद्धा पदवीच, १९३८ च्या महिला परिषदेत बायकांनी दिलेली. मग करुणानिधी कलैञर, एम.जी.आर. पुरच्ची तलैवर, जयललिता पुरच्ची तलैवी, स्टॅलिन तळपती. इथे पदवीवाचून कुणाचं भागत नाही, फरक इतकाच की आता ती पोराला आपोआप मिळत नाही.

लेबरकॅम्प_९०फुटी:
@तंजावरी_राव हाच तर फरक आहे ना काका! कलैञरांचा मुलगा स्टॅलिन कलैञर झाला नाही. (मुख्यमंत्री झाला, तो वेगळा धागा 😄)

इनिशियल_पीडित:
तुमचं इतिहासाचं चालू द्या पण माझं रडगाणं ऐका. नवरा तमिळ, पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा. अमेरिकेच्या व्हिसावर नावाचं आडनाव केलं आणि नावाच्या जागी 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. बँकेत एक नाव, विमान तिकिटावर दुसरं, आणि तिकडच्या ऑफिसात सगळे त्याला सासऱ्यांच्या नावाने हाक मारतात. क्रिकेटमध्ये रविचंद्रन अश्विनचं तेच, रविचंद्रन हे वडील. पट्टम ठेवलं असतं तर एवढा व्याप तरी वाचला असता.

सुगरण_नाही_मी:
ताई, व्याप कशाने वाचला असता, पट्टम असतं तरी ते सासऱ्यांचंच असतं. बाईला यातलं कधी काही मिळालंय का? लग्नाआधी बापाचं आद्याक्षर, लग्नानंतर नवऱ्याचं, पट्टमच्या दिवसांतही पिळ्ळैची बायको पिळ्ळै नव्हतीच. अपवाद सांगते, एम. एस. सुब्बुलक्ष्मी. एम म्हणजे मदुरै आणि एस म्हणजे षण्मुखवडिवु, त्यांच्या आई, वीणा वाजवायच्या. देवदासी परंपरेतलं घर, तिथे नाव आईकडून चालायचं. सगळ्या जगाला तोंडपाठ असलेल्या त्या दोन अक्षरांत बापाचं नाव नाही, यावर कुणी धागा काढत नाही.

कोथरूडचा_पाहुणा:
बरं, मान्य की पदव्यांचा इतिहास स्वच्छ नाही. पण टाकून मिळालं काय ते सांगा. तिरुनेलवेलीकडच्या शाळांत पोरं मनगटावर जातीच्या रंगाचे धागे बांधून येतात. ऑगस्ट २०२३ ला नांगुनेरीत दलित विद्यार्थ्यावर वर्गातल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले, बहिणीलाही सोडलं नाही. मग न्या. चंद्रूंची समिती नेमली, त्यांनी २०२४ मध्ये अहवाल दिला की असे धागे बंद करा, शाळांच्या नावातून जात काढा. म्हणजे नावातून गेली ती मनगटावर आली. निवडणुकीत तिकीट वाटताना जात बघतात, लग्नाच्या जाहिरातीत बघतात. नुसत्या पाट्या पुसून काय होतंय? आणि त्या तरी कुठे नीट पुसल्या, एम.जी.आर. मुख्यमंत्री असताना रस्त्यांच्या नावांवर असाच रंग मारला होता, लोक आजही जी. एन. चेट्टी रोडच म्हणतात.

लेबरकॅम्प_९०फुटी:
दादा मनगटावरचा धागा बांधायला लागतो म्हणजेच नावावरून कळत नाही, हा तुमचा मुद्दा की माझा? जात गेली असं मी कधी म्हटलं. मी सेलममध्ये दोन वर्षं कामाला होतो, भाड्याने खोली शोधताना घरमालकाने गाव विचारलं, देव कुठला विचारलं, मटण खाता का विचारलं, गोल गोल फिरत राहिला. पुण्यात पहिल्या फोनवरच 'आडनाव काय' आणि नंतर 'खोली गेली हो'. सेलमच्या मालकाला निदान घाम गाळावा लागला. तेवढ्यात मी चहा पिऊन, त्यांच्या पोराला गणित दाखवून खोली घेऊन टाकली होती. ही छोटी गोष्ट नाही आमच्यासाठी.

जुनी_वही:
पाहुण्यांचा एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. संगम काळातले जुने तमिळ ग्रंथ ताडपत्रांवर कुजत होते ते गावोगाव हिंडून ज्यांनी छापले ते उ. वे. सामिनाथ अय्यर. त्यांची पहिली मोठी आवृत्ती १८८७ ची. २०२१ मध्ये पाठ्यपुस्तकात त्यांचं सामिनाथर करून टाकलं. जिवंत माणसाने स्वतः पदवी टाकली तर मुजरा, पण मेलेल्याच्या नावाची काटछाट दुसऱ्याने का करायची? त्यांनी पुस्तकांवर जे छापलं ते तसंच राहू द्या, पोरं ग्रंथालयात सामिनाथर शोधत बसतील.

लेबरकॅम्प_९०फुटी:
पुस्तकातलं मान्य, तिथे हात लावू नये. पण रस्ता आणि पूल म्हणजे पुस्तक नाही, तो रोज नव्याने सगळ्यांच्या तोंडी येतो, आमच्याही.

कोथरूडचा_पाहुणा:
मग कोइमतूरच्या पुलाचं काय करायचं?

लेबरकॅम्प_९०फुटी:
गोपालस्वामी दुरैस्वामी पूल. माणसाचं आणि त्याच्या बापाचं, दोघांचं नाव आलं, अजून काय पाहिजे?

कोथरूडचा_पाहुणा:
रिक्षावाल्याला सांगून बघा आधी. तो विचारेल, कुठला, नायडू पूल का?