मदत हवी आहे: ईमेलसाठी पीजीपी की बनवताना काय चुकलं? (तातडीचं)

कर्वेनगरकर
चुलतभाऊ म्युनिकला असतो. वाड्याच्या वाटणीचे कागद त्याला मेलने पाठवायचेत. तो म्हणाला, साध्या मेलने नको, पीजीपीने एन्क्रिप्ट करू (म्हणजे मेल कुलूपबंद करायची पद्धत), त्यासाठी की बनव आणि मला पाठव. बनवली, पाठवली. तर फोनवर ओरडला, "ती फेकून दे, नवी बनव!" आणि मीटिंग आहे म्हणून ठेवला फोन. शनिवारी वकिलांकडे जायचंय. थोडक्यात सांगा.

पेठी_खवचट
थोडक्यात: की कशात बनवली, कशावर बनवली, नेमकं काय पाठवलं? पत्रिका न देता भविष्य विचारताय.

कर्वेनगरकर
लॅपटॉपवर. अजून कशावर बनवणार?

उनाड_घोडा
व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि मोकळे व्हा. तेही एन्क्रिप्टेडच असतं.

टर्मिनलवाला
कीचा प्रकार कुठला, आरएसए घेतलीत की ईसीसी? आरएसए असेल तर ४०९६ बिटच हवी.

चकलीभाजणी
टर्मिनलवाला, ३०७२ पुरते हो. त्यांची गाडी सुरूच होत नाहीये आणि तुम्ही टायरचा ब्रँड विचारताय. कर्वेनगरकर, कुठल्या प्रोग्रॅममध्ये बनवलीत? पाठवलेल्या मजकुराची पहिली ओळ काय आहे? फक्त पहिली, बाकी इथे चिकटवू नका.

कर्वेनगरकर
प्रोग्रॅम नाही, एक वेबसाइट होती. नाव-मेल टाकलं, दोन फाइली आल्या. मोठी ती खरी असणार म्हणून मोठी पाठवली. पहिली ओळ: बिगिन पीजीपी प्रायव्हेट की ब्लॉक.

पेठी_खवचट
घ्या! घराची किल्लीच पोस्टाने धाडली.

चकलीभाजणी
'की' या शब्दानेच घोळ होतो. पब्लिक की म्हणजे खरं तर उघडं कुलूप. ते जगाला वाटा, भाऊ ते लावून पाठवेल. प्रायव्हेट ती किल्ली, ती सख्ख्या भावालाही द्यायची नाही. शिवाय परक्या वेबसाइटने बनवलेल्या किल्लीची नक्कल तिकडे राहिली नाही कशावरून? की-सर्व्हरवर (पब्लिक की सगळ्यांना सापडाव्यात म्हणून ठेवतात ती जागा) चढवली नसेल तर सरळ टाकून द्या.

आता थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम घ्या. २०२० पासून, म्हणजे ७८ आवृत्तीपासून, त्यात ही सोय आतच आहे. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन', तिथे 'अ‍ॅड की'. मुदत तीन वर्षं ठेवा. प्रायव्हेट कीचा बॅकअप पेनड्राइव्हवर, पासवर्ड लावून. लॅपटॉप ऑफिसचा नाही ना?

कर्वेनगरकर
ऑफिसचाच आहे.

चकलीभाजणी
मग घरच्या मशीनवर बनवा. ऑफिसच्या लॅपटॉपचा ताबा आयटीवाल्यांकडे असतो.

सीए_काका
डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन घ्या, रिटर्न भरायलाही चालतो.

पेठी_खवचट
काका, रिटर्न कोण भरतंय इथे?

टर्मिनलवाला
पासवर्डला फासे वापरा. पाच वेळा टाकले की ७७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द मिळतो. असे सहा शब्द काढा. आणि कमांड लाइनवर जीपीजी...

उनाड_घोडा
वाटणीत वाडा बिल्डरला जाणार का? कुठल्या पेठेत?

कर्वेनगरकर
मुलीच्या लॅपटॉपवर बनवली, सापशिडीचा फासा वापरून. या वेळी छोटी पाठवली. भावाने फोनवर कीचा फिंगरप्रिंट (की तीच आहे हे ताडायची खूण) वाचून घेतला. ४० अक्षरं, त्यात 'डी' की 'बी' हे सहा वेळा. जुळला. त्याची पहिली मेल उघडली.

कागद अजून स्कॅन व्हायचेत. कर्वे रोडला रविवारी स्कॅनिंग कुठे चालू असतं?

पेठी_खवचट
म्हणजे दुकानवाल्याच्या पीसीवर?