ॲक्सेसमध्ये रिपोर्टची कॉपी बदलली की मूळ रिपोर्टही बदलतोय, मदत हवी आहे

मंडळी, जरा अर्जंट आहे. आमच्या पतसंस्थेत थकबाकीचा रिपोर्ट एमएस ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे, सगळ्या शाखांचा एकत्र, दर महिन्याला संचालक मंडळापुढे जातो. वसुलीवाल्यांना फक्त बाजारपेठ शाखेचा वेगळा हवा होता म्हणून रिपोर्टवर कंट्रोल सी, कंट्रोल व्ही केलं, नवीन नाव दिलं, डिझाइन व्ह्यूत रेकॉर्ड सोर्स (रिपोर्ट डेटा कुठून घेतो ते इथे ठरतं) शेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून शाखा कोडखाली क्रायटेरियात ३ (बाजारपेठचा कोड) टाकलं आणि सेव्ह केलं. कॉपी बरोबर आली, पण मूळ रिपोर्ट उघडला तर त्यातही फक्त बाजारपेठ! बाकी शाखा गायब, एकूण बेरीजही तेवढीच.

कॉपीत हेडिंग, फॉन्ट बदलला तर मूळ रिपोर्टला काही होत नाही. पण प्रत्येक कर्जाखाली जामीनदारांची यादी येते ना, तिच्यातला मोबाइलचा कॉलम कॉपीतून काढला तर तो मूळ रिपोर्टमधूनही गेला. काँपॅक्ट अँड रिपेअर करून झालं, फरक नाही. टेबलात डेटा शाबूत आहे. मला काळजी एवढीच की मंडळापुढे थकबाकीचा चुकीचा आकडा जायला नको. दोन्ही रिपोर्ट पूर्ण वेगळे कसे करायचे?

प्रतिसाद:
डेटा सुरक्षित आहे, घाबरू नका. कॉपी फक्त रिपोर्टच्या मांडणीची होते. रेकॉर्ड सोर्समध्ये सेव्ह केलेल्या क्वेरीचं, म्हणजे टेबलातून हवा तेवढा डेटा निवडणाऱ्या आदेशाचं, नाव असेल तर दोन्ही रिपोर्ट त्याच एका क्वेरीवर चालतात आणि तीन टिंबांवरून तुम्ही तीच क्वेरी बदलली. जामीनदारांची यादी म्हणजे सबरिपोर्ट (रिपोर्टच्या आत बसवलेला दुसरा रिपोर्ट), तोही एकच आहे, दोन्हीकडे दिसतो इतकंच. आधी मूळ क्वेरीतला ३ काढा. मग क्वेरी आणि सबरिपोर्ट दोन्हींची नवीन नावाने कॉपी करा, कॉपी केलेल्या रिपोर्टच्या रेकॉर्ड सोर्समध्ये नवी क्वेरी निवडा, आणि सबरिपोर्टच्या चौकटीवर क्लिक करून प्रॉपर्टी शीटच्या डेटा टॅबमध्ये सोर्स ऑब्जेक्ट बदला. लिंक मास्टर फील्ड्स, लिंक चाइल्ड फील्ड्समध्ये कर्ज क्रमांक आहे ना ते बघा, नाहीतर प्रत्येक कर्जाखाली सगळेच जामीनदार येतील.

धागाकर्ता:
जमलं! खूप आभार. मूळ रिपोर्टमध्ये सगळ्या शाखा परत आल्या, मोबाइलचा कॉलमही तिथे पुन्हा टाकला. पण आता बाकीचे शाखाधिकारीही मागतायत, मग प्रत्येक शाखेसाठी एवढं सगळं करत बसायचं का?

प्रतिसाद:
अजिबात नको, उद्या व्याजाचा हिशोब बदलला तर तितक्या क्वेऱ्या दुरुस्त कराव्या लागतील आणि एखादी राहून जाणारच. मूळ रिपोर्ट एकच ठेवा, फॉर्मवर शाखेचा ड्रॉपडाउन आणि एक बटण द्या, आणि बटणाच्या ओपनरिपोर्टमध्ये (रिपोर्ट उघडणारी कमांड) वेअर कंडिशनला, म्हणजे कोणत्या नोंदी दाखवायच्या त्या अटीला, निवडलेला शाखा कोड द्या. त्याने क्वेरीला हात लागत नाही, फिल्टर तेवढ्यापुरताच लागतो. फक्त शेवटची बेरीज डीसमने (थेट टेबल किंवा क्वेरीवरून बेरीज करणारं फंक्शन) केली असेल तर तिथे सम वापरा, डीसमला रिपोर्टचा फिल्टर कळत नाही, तो सगळ्या शाखांचीच बेरीज दाखवेल.