दाभोळ ते गोवळकोट: तिथीवरून भरती आणि खाडीच्या तोंडावरच्या लाटा

खाडीकाठ: दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत फायबरची छोटी होडी न्यायची आहे. इंजिनाच्या पंख्यासकट (प्रोपेलर) साधारण दोन फूट पाणी लागतं. तिथीवरून काढलेली भरतीची वेळ आत वरपर्यंत चालते का? आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी अंजनवेलसमोर लाटा इतक्या उभ्या का होतात?

तांडेल: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजायचं, अमावास्या १५ धरायची. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, पण दोन्हींचं पाणी सारखं चढत नाही, हे विसरू नका. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं आणि उथळ जागी होडी टेकते.

पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांच्या भरतीचे बारा वाटे केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असे वाटे चढतात. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत, आणि ओढही तेव्हाच सर्वांत जास्त.

भूगोलप्रेमी: एक दुरुस्ती. तिथीची ही रीत मुंबईला जास्त जुळते. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, म्हणून दाभोळला पाणी मुंबईच्या थोडं आधी भरतं. होडी काढायची तर छापील तक्ता बघा, तिथी अंदाजापुरती.

आत मात्र उलट. तोंडाशी पाणी फिरलं तरी वर ते चढतच असतं. शिवाय वाशिष्ठीत कोयना वीजप्रकल्पाचं सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही चिपळूणकडच्या भागात गोड्या पाण्याचा रेटा असतो. तिथे चढती थोडा वेळ आणि ओहोटी लांब चालते. पावसाळ्यात तर नदीचाच जोर. पुराच्या वेळी भरती असेल, तर चिपळूणचं पाणी निघायला वाट मिळत नाही.

लाटांचं कारण साधं आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून समुद्राची लाट येते. तोंडाशी वाळू साचून तळ वर आलेला, त्यात दुपारचा वायव्येचा वारा. लाट आखूड होते, उभी राहते आणि फुटते. बाहेर पडायचं तर सकाळी, भरती पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असताना.

तांडेल: तक्त्याचं मान्य. गोवळकोटला जाताना दाभोळहून चढत्या पाण्याबरोबर निघा. रुतलात तरी पाणी उचलून देतं. ओहोटीला रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. गाळात उतरू नका, पाय गुडघ्याच्या वर जातो. इंजिनाची थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली की लगेच बंद करून पंखा वर घ्या, कारण गाळ ओढला की पंप जातो. नांगर खोल पाण्याच्या बाजूला टाका, म्हणजे पाणी चढताच दोर ओढून होडी सोडवता येईल. वळणावर बाहेरच्या काठाला खोल असतं, आतल्या बाजूला वाळू. तिवरांच्या जवळून जाण्याचा मोह नको.